परड्यातलं लपण: एका हंगामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

पक्ष्यांचे फोटो काढायला लपून बसायचा आडोसा म्हणजे लपण. त्याची जागा आज नक्की झाली. परड्याच्या उत्तर टोकाला करवंदाची जुनी जाळी आहे, तिच्यामागं जांभळं आणि त्यांच्यापलीकडं नाला. पक्ष्यांसाठी छोटा पाणवठा जाळीपासून सहा-सात फुटांवर करायचा आणि लपण त्याच्या दक्षिणेला, फणसाच्या सावलीत. दोहोंमध्ये अंतर पाच मीटर.

दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी वही घेऊन बसत होते. कुठला पक्षी कुठून येतो, कुठं थांबतो, कुठून परत जातो, एवढंच लिहायचं. त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. पक्षी सरळ जमिनीवर उतरत नाही. आधी जांभळाच्या शेंड्यावर येऊन चौफेर बघतो, मग मधल्या फांद्यांत शिरतो, मग जाळीत, मग जाळीच्या कडेच्या एखाद्या काटकीवर, आणि शेवटी खाली. जाताना मात्र या सगळ्या पायऱ्या गाळून एका झेपेत जाळीत घुसतो. म्हणून पाणी जाळीजवळ हवं. पण अगदी खेटूनही नको, नाहीतर शेजारचा बोका जाळीत दबा धरून बसेल. सहा-सात फुटांवर बोक्याला उघड्यावर यावं लागतं आणि पक्ष्याला शिक्रा (शिकारी पक्षी) दिसला तरी जाळी गाठता येते.

दिशेचा विचार उजेडामुळं केला. हिवाळ्यात आपल्याकडं सूर्य दक्षिणेकडून फिरतो, डिसेंबरात तर भर दुपारीही जेमतेम ५० अंश वर येतो. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला असलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड पाठीमागून किंवा बाजूनं मिळतो. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड केलं तर अर्धा दिवस पक्षी नुसता काळा दिसणार.

लपण कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं, तेव्हा इथं लिहून ठेवते. झाडाआडून दबकत जाऊन काढलेल्या फोटोत पक्षी मान ताठ करून आपल्याकडं बघत असतो. पिसं अंगाला चापून बसवलेली, पाय उडायच्या तयारीत. तो फोटो पक्ष्याचा कमी आणि त्याच्या भीतीचा जास्त असतो. मला त्याची अंघोळ हवी आहे, पिसं विंचरणं हवं आहे, दुसऱ्या पक्ष्याशी चाललेलं भांडण हवं आहे. मी तिथं नाही असं त्याला खरोखर वाटलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर

लपण उभं राहिलं. मेसकाठ्यांचा (बांबूंचा) सांगाडा, पाच फूट लांब, चार फूट रुंद. बाहेरून तट्ट्या, त्यांच्यावर जुनं गोणपाट, वर भाताचा पेंढा. आतून तिन्ही बाजूंना काळं कापड. हे काळं कापड सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या फटीतून उजेड आत आला की आतल्या माणसाची आकृती खिडकीत हलताना दिसते, मग बाहेर कितीही पाला लावा. दार पाण्याच्या विरुद्ध बाजूला, घराकडं.

हिरवं शेडनेट लावावं असं दिरांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. वाऱ्यानं ते फडफडतं, आणि पक्षी रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात. वरती पत्राही नको. फणसाचं एक वाळकं पान पडलं तरी पत्र्यावर ठण्ण वाजतं.

आत दीड फूट खड्डा खणला. परतीच्या पावसाची ओल अजून मातीत आहे, त्यामुळं तांबड्या मातीत कुदळ सहज गेली. जानेवारीत हीच माती चिऱ्यासारखी घट्ट होते. खड्ड्यात पाय सोडून फळीवर बसलं की लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर येते. पक्षी आणि लेन्स एका पातळीवर आले तरच फोटोत पक्ष्याचं जग दिसतं. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत पाठ आणि जमीन यापलीकडं काही येत नाही. पैसे देऊन बसायच्या लपणांत पाणवठा उचलून चौथऱ्यावर करतात, ते बसणाऱ्याच्या सोयीचं असतं. पण चौथऱ्यावर कस्तुर येईल की नाही याची मला खात्री वाटेना. तो जमिनीवरचा पक्षी. त्याला वर बोलावण्यापेक्षा मी खाली बसलेलं बरं.

पेंढा शाकारताना पुतण्याला किअर्टन बंधूंची गोष्ट सांगितली. रिचर्ड आणि चेरी किअर्टन, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे. १९०० च्या सुमारास त्यांनी पोकळ सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवलं आणि त्याच्या पोटात उभं राहून पक्ष्यांचे फोटो काढले. गुरांना पक्षी बिचकत नाहीत हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. आमच्या माळावर चरणाऱ्या म्हशींच्या पाठीवर बगळे बसलेले रोज दिसतात, तेव्हा पुतण्याला हे लगेच पटलं. आता त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात म्हैस करायची आहे.

८ डिसेंबर

पाणवठा तयार. चार फूट बाय तीन फूट, लंबगोल. तळाला वाळू, तिच्यावर काळी ताडपत्री, कडेनं जांभ्याचे तुकडे आणि नाल्यातले गोटे. खोली एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला चार बोटं. याहून खोल नको. चष्मेवाला जेमतेम दहा सेंटीमीटरचा पक्षी, त्याला पाय टेकले पाहिजेत. ताडपत्रीचा काळा रंग प्रतिबिंबासाठी. तळ फिकट असला की पाण्यात तळच दिसतो, पक्षी दिसत नाही.

पाण्याच्या थेंबाचा आवाज पक्ष्यांना लांबून ओढतो. दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, स्वच्छ धुऊन जांभळाच्या फांदीला टांगली. चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतो. दोन सेकंदाला एक थेंब ठेवला आहे.

आत्ती (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "अगं, डास होतील. मागल्या साली वाडीत डेंग्यू झालाता." त्यांचं बरोबर आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. तेव्हा नियम ठरला: एक दिवसाआड पाणी बदलायचं आणि दर रविवारी पाणवठा पूर्ण रिकामा करून, काथ्यानं घासून, तासभर उन्हात वाळवायचा. साबण लावायचा नाही. हे पक्ष्यांसाठीही गरजेचंच. जिथं खूप पक्षी एकाच पाण्यात विष्ठा टाकतात तिथं रोग पसरतो, पारवे-होल्यांच्या घशाचा रोग तर असल्याच पाण्यातून जातो.

दाणे ठेवायचे नाहीत असंही ठरवलं. दाण्यांवर पारवे आणि चिमण्यांची गर्दी होते, लाजरे पक्षी मागं राहतात. पाणी सगळ्यांना लागतं.

२२ डिसेंबर

अजून बसायला सुरुवात केलेली नाही. खिडकीत कापडी बाही लावली आहे आणि तिच्यातून काळा रंग दिलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बाहेर काढून ठेवला आहे, लेन्सच्या जाडीचा. पक्ष्यांना त्या काळ्या तोंडाची सवय होऊ दे. पुढं त्याच जागी खरी लेन्स येईल तेव्हा त्यांच्या लेखी काहीच बदललेलं नसेल.

घराच्या खिडकीतून दुर्बिणीनं बघते. सातभाई पहिले आले, नेहमीप्रमाणं कलकलाट करत, एक आला की मागोमाग सगळे. त्यांच्या पाठोपाठ लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल. सातभाई अंघोळ करताहेत हे दिसलं की बाकीचे निर्धास्त होतात. त्यांच्यातला एक तरी जांभळावर पहाऱ्याला असतो, आणि त्याचा इशारा सगळे पक्षी ओळखतात. परड्यात सातभाईंचा थवा असणं म्हणजे पहारेकरी फुकटात मिळणं.

५ जानेवारी २०२५

आज पहिल्यांदा आत बसले. धुकं सात वाजेपर्यंत उतरलं नव्हतं, बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाच्या बाजूनं गार वारा येत होता.

आत जायची एक जुनी रीत आहे, ती आज वापरली. पुतण्याला बरोबर घेऊन गेले, मी आत शिरले, दार लावलं, आणि तो गाणं म्हणत घराकडं परत गेला. लपणाकडं आलेला माणूस परत गेला एवढं पक्ष्यांना दिसतं. आले किती आणि गेले किती, याचा हिशेब बहुतेक पक्षी ठेवत नाहीत. पाचएक मिनिटांत बुलबुल पाण्यावर होता. जांभळावरचा कावळा मात्र बराच वेळ लपणाकडं तोंड करून ओरडत राहिला.

नऊनंतर टिकेलचा निळा माशीमार आला. नर. हा पक्षी मी आजवर नाल्याच्या अंधाऱ्या झाडीत एक निळी रेघ म्हणूनच पाहिला होता. आज तो पाच मीटरवर, लेन्समधून तर हाताच्या अंतरावर. तो बुलबुलासारखा पाण्यात बसत नाही. काटकीवरून झेपावतो, पोट पाण्याला लावतो, परत काटकीवर. पुन्हा तसंच. प्रत्येक फेरीला पोटाची पांढरी पिसं जास्त भिजत गेली आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर छातीचा नारिंगी रंग गडद विटकरी झाला. मग त्यानं अंग फुलवलं. एवढासा पक्षी, पण सगळी पिसं उभी राहिल्यावर लिंबाएवढा गोल झाला. चोचीच्या बुडाशी असलेले बारीक राठ केस एकमेकांना चिकटले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा कण होता. डाव्या पंखाचं एकेक लांब पीस चोचीत धरून बुडापासून टोकापर्यंत ओढत गेला, मग उजवा पंख. या सगळ्या वेळात त्यानं लेन्सकडं एकदाही पाहिलं नाही. यासाठीच हा सगळा खटाटोप.

तांत्रिक नोंद. लेन्स ४०० मिलीमीटर, पाच मीटर अंतर, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा वाढला की छिद्र लहान). माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फोकसची खोली, म्हणजे पुढंमागं जेवढं स्पष्ट येतं तेवढं अंतर, सगळी मिळून साधारण पाच सेंटीमीटर. एफ/५.६ ठेवलं तर साडेतीनच. म्हणजे पक्षी तिरका बसला तर डोळा शार्प आणि शेपूट धूसर. उपाय एफ/११ नव्हे, कारण सावलीत तेवढा उजेडच नाही. काटकीची दिशा बदलायची. ती लपणाला समांतर आडवी लावली की पक्षी आपसूक कडेनं बसतो आणि चोचीपासून शेपटीपर्यंत फोकसमध्ये येतो.

जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात ज्वारी भरली आहे. लेन्स तिच्यावर टेकवली की ट्रायपॉडची गरज पडत नाही, आणि खड्ड्यात ट्रायपॉड मावतही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. पाणी बदललं, बसले नाही.

२ फेब्रुवारी

काटक्यांचा दिवस. पक्षी पायऱ्यांनी येतो, तर शेवटून दुसरी पायरी मला हवी तिथं ठेवता येते. जाळीच्या कडेला नाल्यातली एक वाळलेली फांदी रोवली, दगडफुलाचे करडे ठिपके असलेली. तिच्यामागं नाल्याकडची हिरवळ सात-आठ मीटर लांब आहे, त्यामुळं बॅकग्राउंड एकसारखी मऊ हिरवी येते. फांदी जाळीला चिकटून असती तर पक्ष्यामागं करवंदाची पानंपानं दिसली असती.

फांदी निवडताना जाडीचाही विचार करावा लागतो. पक्ष्याचा पंजा फांदीभोवती अर्ध्याहून जास्त वळला पाहिजे. जाड ओंडक्यावर माशीमार बसतो, पण अवघडल्यासारखा दिसतो. आणि एकच फांदी हंगामभर ठेवायची नाही, नाहीतर परड्यातले सगळे पक्षी एकाच झाडावर राहतात असं फोटोंवरून वाटेल.

शटरच्या आवाजाबद्दल. बुलबुल, सातभाई, माशीमार यांना काही फरक पडत नाही. नारिंगी डोक्याचा कस्तुर मात्र पहिल्या क्लिकला थबकतो. हा आज पहिल्यांदा उघड्यावर आला. केशरी डोकं, निळसर करडी पाठ, आणि पांढऱ्या गालावर दोन काळपट उभ्या पट्ट्या. आपल्या भागातल्या कस्तुराची हीच खूण. तो पाचोळ्यातून चालत येतो, चोचीनं पान उलटतो, थांबतो, कान देतो, पुन्हा दोन उड्या. त्याच्यासाठी मी क्लिक राखून ठेवते. पाण्यात शिरून पंख फडफडवायला लागला की पाण्याच्या आवाजात शटर बुडतं.

म्हणूनच जाळीखालचा पाचोळा झाडायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय. आत्तींना तो कचरा वाटतो. परडं झाडून-सारवून लख्ख असावं अशी त्यांची आयुष्यभराची शिस्त. पण कस्तुराला पान उलटताना स्वयंपाकघरातून बघत उभ्या राहिल्या, त्यानंतर त्यांचा खराटा जाळीच्या अलीकडंच थांबतो.

१६ फेब्रुवारी

या चार दिवसांत (१४ ते १७ फेब्रुवारी) जगभर परसदारच्या पक्ष्यांची गणना चालते. नियम सोपा आहे. किमान १५ मिनिटं एका जागी थांबायचं, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजून ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायचे. माझ्या वर्गातल्या काही मुली आल्या होत्या. त्यांना लपणात एकेक करून बसवलं. एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "बाई, बुलबुल पाणी पिऊन वर बघतोय, देवाला दाखवल्यासारखं." खरं कारण तिला सांगितलं: बुलबुलाला पाणी ओढून घेता येत नाही, म्हणून चोचीत घेऊन मान वर करून घशात सोडतो. होला मात्र चोच बुडवून सलग ओढतो. मग सगळ्यांना होला बघायचा होता, आणि आलाही.

पांगारा फुललाय. त्यावर मैना, कोतवाल, शिंजीर आणि पळसमैनांचा मोठा थवा. पळसमैना मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतात आणि एप्रिलात परततात. फुलं उंचावर, लपण जमिनीत, त्यामुळं फोटोचा प्रश्नच नाही. नुसतं बघितलं.

१६ मार्च

नाला आटला. शेवटचं डबकं होतं तेही गेलं. आता पाणवठ्यावर दुपारीही वर्दळ असते. दोन वेळा भरून येतात: सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच.

संध्याकाळच्या वेळेत स्वर्गीय नर्तक आला, पूर्ण वाढलेला पांढरा नर. डोकं काळंभोर तुरेदार, बाकी अंग पांढरं, आणि शेपटीची दोन लांब पिसं. माशीमारासारखाच झेपावून अंघोळ करतो, पण प्रत्येक झेपेमागं ती दोन पिसं हवेत लांब वळण घेत जातात. अडचण अशी की ४०० मिलीमीटरला पाच मीटरवर माझ्या चौकटीत आडवी २७ सेंटीमीटर जागा मावते. बुलबुल २० सेंटीमीटरचा, छान बसतो. नर्तक शेपटीसकट ४५ ते ५० सेंटीमीटर. लेन्स २०० वर आणली की चौकट ५६ सेंटीमीटरची होते, तेव्हा कुठं मावतो. हे गणित वहीत आधीच करून ठेवलं होतं म्हणून हात लगेच फिरला. एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा ठेवला. सावलीच्या काळ्या बॅकग्राउंडवर कॅमेरा फसतो आणि पांढरी पिसं नुसता चुना होतात, एकही रेषा शिल्लक राहत नाही.

३० मार्च

पाडवा. पाणवठा घासून वाळवला.

१३ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. आता रोज बसता येईल. सकाळी सातला आत, दहाला बाहेर, पुन्हा चारनंतर. मधल्या वेळेत आत भट्टी असते.

काल शिक्रा आला. सातभाईंचा इशारा झाला आणि क्षणात परडं रिकामं. तो पाण्याच्या कडेला बसला, पिवळे-केशरी डोळे, छातीवर विटकरी आडव्या रेषा. चांगला पंधरा मिनिटं पाण्यात उभा राहिला, पोटापर्यंत. शिकारी पक्ष्यालाही उन्हाचं पाणी लागतं. तो गेल्यावर पहिला बुलबुल यायला बराच वेळ गेला.

या आठवड्यात बाहेरगावचे एक छायाचित्रकार बघायला आले. लपण त्यांना आवडलं. म्हणाले, फांदीमागं अळ्या ठेवा, कस्तुर हलणारच नाही. आणि मोबाइलवर नवरंग पक्ष्याचा आवाज वाजवा, लगेच पुढ्यात येईल. मी दोन्हीला नकार दिला. आवाज वाजवला की पक्ष्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरलाय. तो खाणं सोडून नसलेल्या शत्रूच्या शोधात फिरतो, विणीच्या दिवसांत मादी आणि घरटं सोडूनही. मी जे लपण बांधलं त्याचा हेतूच त्याला माझा उपद्रव होऊ नये हा आहे. पाण्यावर किती पक्षी येतात हे बघायचं असेल तर दांडेलीच्या बाजूला गणेशगुडीचं ओल्ड मॅगझिन हाऊस आहेच, तिथं पाण्याच्या भांड्यांवर जंगलातले पक्षी येतात आणि लांबून लोक फोटोला जातात.

जास्वंदीत शिपाई बुलबुलाचं घरटं आहे हेही त्यांच्या नजरेला आलं. पानं जरा बाजूला बांधली तर छान फ्रेम मिळेल, असं त्यांचं म्हणणं. पानं बाजूला केली की ऊन पिल्लांवर येतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला वाट दिसते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. घरट्याचे फोटो या परड्यातून निघणार नाहीत. पाहुण्यांना चहा दिला, काजूची बोंडं दिली, लपणात बसवलं. जास्वंदीकडची वाट दोरी बांधून बंद केली.

४ मे

दुपारी साडेबाराला अंगणातल्या खांबाची सावली नाहीशी झाली. आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढं ऑगस्टपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडं असतो. म्हणजे नोव्हेंबरात आखलेली दिशा आता दुपारपुरती उलटी. फणसाची सावली आहे म्हणून चालतंय. पहाटेचा आणि संध्याकाळचा मऊ उजेड एवढाच आता कामाचा.

करवंदं पिकायला लागली. बुलबुल पाण्यावर कमी, जाळीत जास्त.

१७ मे

वळीव झाला. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर नाल्याकडून दोन सुरांची शीळ आली, पहिला चढा, दुसरा उतरता. नवरंग. दक्षिणेतला हिवाळा संपवून पावसाच्या तोंडावर तो विणीसाठी इकडं येतो. आत्ती दारातून म्हणाल्या, "आला गं तुझा पाव्हणा."

१८ मे

पहाटे साडेपाचला आत. पावसानंतर पाचोळा भिजलेला, त्यामुळं त्याची चाहूल लागली नाही, एकदम दिसला. पाण्यावर नाही, जाळीखाली. हिरवी पाठ, डोळ्यावरून गेलेली जाड काळी पट्टी, बदामी छाती, पोटाखाली लालभडक, आणि पंखावर आकाशी निळा तुकडा. शेपूट नावाला. पान उलटायचं, एक गांडूळ ओढायचं, दोन उड्या, मान तिरकी करून कान द्यायचा. गांडूळ लांबलं की मागं झुकून ओढतो.

उजेड अगदी कमी. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/६० सेकंद, लेन्स ज्वारीच्या पिशवीवर. तो हलत असताना काहीच मिळणार नव्हतं, म्हणून तो कान देण्यासाठी थांबायचा तेव्हाच क्लिक. तो थांबणं म्हणजे एक-दीड सेकंद पूर्ण स्तब्धता, १/६० ला तेवढी पुरते. मिळालेल्या फोटोंत एक असा आहे: मान तिरकी, चोचीला ओली माती, नजर जमिनीत. त्याला फक्त मातीतलं गांडूळ ऐकू येत होतं.

आत्ती झाडणार होत्या तो पाचोळा, त्यातच हे सगळं घडलं. फोटो त्यांना पहिल्यांदा दाखवला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या.

२५ मे

केरळात मान्सून काल दाखल झाला, नेहमीच्या १ जूनच्या आठवडाभर आधी. इथं तर त्याच्याआधीच झड लागली आहे. लपणातला खड्डा पाण्यानं भरला. गोणपाट काढून घरात घेतलं, तट्ट्या गोठ्याच्या माळ्यावर, काळं कापड धुऊन वाळत टाकलंय पण वाळणार कधी. सलाईनची बाटली उतरवली. पाणवठ्याची ताडपत्री गुंडाळली, नाहीतर साचलेल्या पाण्यात डासच होतील. नाला वाहू लागलाय, पक्ष्यांना आता आमच्या पाण्याची गरज नाही.

नवरंगाची शीळ अजून ऐकू येते, पहाटे आणि दिवेलागणीला. त्याच्या मागं नाल्यात जायचं नाही असं पुतण्याला सांगितलंय. जोडी जमली असेल तर घरटं तिथंच कुठंतरी होईल.

पावसाळ्यातलं काम: सगळे फोटो तारीख आणि वेळेसह लावणे, ई-बर्डच्या याद्या पूर्ण करणे. ज्या फोटोंत पक्षी लेन्सकडं बघतोय ते काढून टाकायला सुरुवात केली आहे. पूर्वेच्या बाजूला, पाचोळ्याकडं तोंड करून दुसरी खिडकी हवी. मेसकाठ्या पुरतील. आणि ऑक्टोबरात पाऊस ओसरला की खड्डा आणखी चार बोटं खोल करायचा. कस्तुर पाण्यात उभा असतो तेव्हा त्याच्या डोळ्याच्या रेषेत यायला तेवढं पुरेल.